लाल वर येतो

मंगळवार

मुनाफभाईंनी पहिला पट्टा माझ्या नावावरच मारला.

त्यांचा काही हेतू नव्हता. शिडी तिथं टेकली होती, हात तिथं पोचत होता. मोतिया रंगाचा वीतभर रुंद पट्टा ‘गिरि’वर बसला आणि ‘जा’ तेवढा बाहेर राहिला. मग त्याच्या शेजारी पिस्ता, खाली आकाशी आणि अगदी कडेला, जोत्यापाशी, विटकरी. चार ओले पट्टे सकाळच्या उन्हात चमकत होते. आप्पा रस्ता ओलांडून पलीकडं गेले, डोळे बारीक करून भिंतीकडं बघत राहिले आणि मग तिथूनच मला म्हणाले, “तू सांग. तुला कळतं त्यातलं.”

मला त्यातलं कळतं असं घरात सगळे मानत. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या आणि कन्याशाळेत आठवड्याला नऊ तास चित्रकला शिकवत होते. सतरंजी घ्यायची असो नाहीतर पडदे, आप्पा विचारत मलाच. त्या दिवशीही विचारलं. फक्त त्या दिवशी विचारताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

समोरच्या देशमुखवहिनी दूध घ्यायला बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, पिस्ता लावला तर घर कुल्फीसारखं दिसेल. विटकरी लावला तर पोलिसचौकी. आकाशी दवाखान्याचा. राहिला मोतिया. आप्पा हसले. अव्वा, म्हणजे माझी आई, दारातून म्हणाली, कुल्फी असो की चौकी, रविवारच्या आत झालं पाहिजे.

रविवारी उमरग्याहून नंदाला बघायला येणार होते.

महानंदा माझी धाकटी बहीण, एकवीस वर्षांची. मुलगा बसवराज, शाळेत मास्तर. लग्नानंतर मुलीला बी.एड. करू देऊ, असं त्यानं स्वतःहून कळवलं होतं. नंदानं त्याचा फोटो एकदाच बघितला, पण ते बी.एड.चं वाक्य तिनं शिवप्पामामांकडून, म्हणजे हे स्थळ आणणाऱ्या मध्यस्थांकडून, तीन वेळा वदवून घेतलं होतं. तिला हे लग्न हवं होतं. आमच्या घरात त्या आठवड्यात दुसरं काही कुणाला नकोच होतं.

त्यासाठी ती भिंत झाकायची होती.

भिंतीवर काय होतं

॥ श्री ॥
चि. सौ. कां. गिरिजा
आणि
चि. विश्वनाथ
यांचा शुभविवाह

खाली तिथी, वेळ, स्थळ. दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मधे नारळ ठेवलेला कलश.

आमच्या बार्शीकडं लग्नघराची दर्शनी भिंत अशी लिहून घेतात. गेरू आणि नीळ कालवून पेंटर दोन तासांत लिहून देतो, पुढच्या पावसात ते धुऊन जातं, कुणाला त्याची आठवणही राहत नाही. मुनाफभाईंनीही तेच सांगितलं होतं. पण आप्पा म्हणाले होते, घरातलं पहिलं लग्न आहे, पाच वर्षं दिसलं पाहिजे. तेलाच्या रंगात लिहा. लाल घ्या.

लग्नाला अकरा दिवस असताना विश्वनाथ पत्रिका वाटायला मोटरसायकलवर निघाला आणि कडब्याच्या ट्रकखाली गेला.

दुसऱ्या दिवशी अव्वानं घमेलंभर शेण आणि माती कालवली आणि दोन्ही हातांनी भिंतीला फासली. मी दारात उभी होते. ती मला आत जा म्हणाली नाही आणि मदतीला ये असंही म्हणाली नाही. जूनमध्ये पाऊस आला. शेण धुऊन गेलं. अक्षरं होती तशीच होती, उलट घासल्यासारखी लखलखीत. पहिले काही दिवस रस्त्यानं जाणारे वाचायचे आणि मग एकदम मान खाली घालायचे. पुढं त्यांनी वाचणं सोडलं. मी सोडलं नाही, कारण रोज शाळेतून घरी येताना ती भिंत समोरच यायची.

त्याला मी दोनदा पाहिलं होतं. बोललो एकदाच, दहा मिनिटं. त्यानं विचारलं होतं, तुम्ही काढलेली चित्रं घरात कुठं लावलीयत. मी म्हटलं, कुठंच नाही. तो म्हणाला, मग लावायला भिंत बघून ठेवतो.

एवढंच. एवढ्यासाठी रडायचं तर किती दिवस, हे मला कुणी सांगितलं नाही. तो गेल्यापासून सात महिन्यांत आमच्या घरात त्याचं नाव एकदाही कुणी उच्चारलं नव्हतं. ‘तो प्रकार’ म्हणत. ‘वैशाखातलं’ म्हणत.

आणि उमरग्याला शिवप्पामामांनी सांगून टाकलं होतं की थोरली दिली, लातूरला असते. आप्पांनी त्यांना दुरुस्त केलं नाही. थोरली घरात बसून आहे म्हटलं की का बसून आहे हा प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर ऐकून पाहुणे चहासुद्धा घेणार नाहीत, असं मामांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. आधीची दोन स्थळं तशीच गेली होती. दुसऱ्या वेळी मुलाची आत्या पायऱ्या उतरताना म्हणाली होती, पायगुण बघावा लागतो बाई.

मंगळवार, पुढे

आप्पा दुकानात गेले. त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं, दहाला उघडायला लागायचं. जाताना मला म्हणाले, काय ते ठरव आणि मुनाफला सांग.

मी पट्ट्यांसमोर उभी राहिले. मुनाफभाई डबे झाकत होते. त्यांनी हेही सांगितलं, तेही सांगितलं. मोतिया धूळ लवकर धरतो म्हणाले. विटकरी उन्हात विटतो, पण झाकतो चांगला, असंही म्हणाले. नंदाला विचारलं तर ती खिडकीतून म्हणाली, अक्का, तुला आवडेल तो. मग मीच म्हटलं, नंदाचं कार्य आहे, गडद नको, घर कसं उजळ दिसलं पाहिजे.

मोतिया ठरला.

शनिवार

बुधवारी घासलं, गुरुवारी पहिला हात, शुक्रवारी दुसरा. शुक्रवारी संध्याकाळी घर ओळखू येत नव्हतं. आप्पा दुकानातून येताना कोपऱ्यावरच थांबले. अव्वानं भिंतीला कुंकवाचं बोट लावलं आणि लगेच, डाग दिसेल म्हणून, पदरानं पुसलं. मी नाव कुठं होतं ती जागा शोधली. सापडली नाही. छान गुळगुळीत भिंत होती.

शनिवारी दिवसभर कडक ऊन पडलं.

चारच्या सुमाराला देशमुखवहिनींनी हाक मारली. त्यांनी काही बोट वगैरे दाखवलं नाही, नुसतं “गुरुसिद्धआप्पा, जरा बाहेर या,” म्हणाल्या. आम्ही सगळे बाहेर गेलो. भिंतीवर गुलाबी काहीतरी उमटत होतं. आधी कलश ओळखू आला. मग केळीचे खांब. अक्षरांच्या कडेनं रंग तडकला होता आणि पापुद्रे सुटायला लागले होते, त्यामुळं अक्षरं जास्तच उठून दिसत होती. अंधार पडायच्या आत सगळं वाचता येत होतं, तिथीसकट.

आप्पांनी मुनाफभाईंकडं माणूस पाठवला. ते वैरागला कुणाच्या तरी कामावर गेले होते, सोमवारी येणार होते.

अव्वाचं डोकं अशा वेळी फार चालायचं. ती म्हणाली, वाकळा. आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. घरात लहानमोठ्या सात होत्या, दोन देशमुखवहिनींनी दिल्या. रविवारी सकाळी त्या सगळ्या गच्चीच्या कठड्यावरून दर्शनी भिंतीवर सोडल्या, वरून विटा ठेवल्या. थंडीचे दिवस होते, वाकळा उन्हात टाकलेल्या कुणाला खटकणार नव्हत्या. नऊ वाकळा एकदम, एवढंच जरा जास्त वाटत होतं. नंदा म्हणाली, पाहुण्यांना वाटेल आपण धर्मशाळा चालवतो. ती हसली, आम्हीही हसलो. त्या आठवड्यात घरात सगळे मिळून हसलो ते तेवढंच.

मला खरं तर शनिवारीच पांगरीला मावशीकडं जायचं होतं. पण अव्वाच्या कमरेत उसण भरली होती आणि सहा माणसांचा स्वयंपाक नंदाला करायला लावणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी राहिले. कुणी विचारलं तर मी मावशीची मुलगी. शोभा.

रविवार

मुलगा, त्याची आई आणि काका आले. मुलगा फोटोपेक्षा बारीक होता. त्यानं नंदाला पुस्तकांबद्दल विचारलं, तिनं उत्तर दिलं आणि उलट त्यालाच एक प्रश्न विचारला. काकांना ते आवडलं नाही, आईला आवडलं. हे सगळं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. उप्पीट नेऊन दिलं, चहा नेऊन दिला. अव्वा म्हणाली, ही आमच्या बहिणीची शोभा. मुलाच्या आईनं माझ्याकडं नीट बघितलं आणि मान हलवली.

निघायच्या बेतात सगळे अंगणात आले. मी कप गोळा करायला मागोमाग आले होते, हातात ताट. काका आणि आप्पा पुढच्या बैठकीचं बोलत होते. पुढच्या बैठकीचं म्हणजे जमल्यातच जमा होतं. आप्पांचा आवाज मोकळा झाला होता. नंदा उंबऱ्याशी होती.

मुलाच्या आईला वाकळा दिसल्या. कुणाच्या हातचे टाके, तिनं विचारलं. अव्वा म्हणाली, माझे. आता कुठल्याही बाईनं केलं असतं तेच मुलाच्या आईनं केलं. वाकळेची पारख उलट्या बाजूनं करायची असते. तिनं खालचं टोक धरलं आणि टाके बघायला वाकळ उलटी वर उचलली.

टाके तिनं बघितलेच नाहीत. ती भिंतीकडं बघत होती.

“गिरिजा,” तिनं वाचलं. “ही थोरली ना तुमची?”

आप्पा हो म्हणाले.

तिनं शेजारची वाकळ हातानं बाजूला सारली. तिला वाचायला चष्मा लागत असावा, कारण ती मागं सरली, मग पुढं झाली.

“विश्वनाथ.”

एका परक्या बाईनं, सहज, अंगणात उभं राहून म्हटलं. मी ताट पोटाशी धरलं.

ती म्हणाली, नवीन रंगात जुनं लग्न वर आलं म्हणायचं. मग आप्पांकडं वळून तिनं विचारलं, “सुखात आहे ना पोरगी?”

आप्पांना काहीही म्हणता आलं असतं. ते म्हणाले, “आहे. देवाच्या कृपेनं चांगलं चाललंय दोघांचं.”

दोघांचं, असं म्हणाले.

मी तिथंच उभी होते. आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. अव्वा वाकळ खाली ओढून सारखी करत होती. मला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलंही असेल. पण आवाज आला तो उंबऱ्यावरून.

“ती ही,” नंदा म्हणाली. “हीच गिरिजा. माझी अक्का. शोभा नाही ही. तिचं लग्न झालं नाही, ते आधीच गेले.”

तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात हजेरी देतात तसं बोलली.

काकांनी चपला शोधल्या, त्या त्यांच्या पायातच होत्या. मुलगा नंदाकडं बघत होता. आप्पा कठड्यावरच्या विटांकडं. मुलाच्या आईनं माझ्या हातातलं ताट घेतलं, खाली ठेवलं आणि माझ्या दंडाला हात लावला. मग आप्पांना म्हणाली, “एवढं सांगायचं होतं आधी.”

ते गेले. मुलानं कोपऱ्यावर वळताना मागं बघितलं, असं नंदा नंतर म्हणाली. मी बघितलं नाही.

सोमवारी पहिल्या एसटीनं शिवप्पामामा नकार घेऊन आले. तिकडचे लोक सोयरिकीत खोटेपणा खपवून घेत नाहीत म्हणाले. मामांनी हे असं सांगितलं, की जणू खोटं आम्हीच त्यांच्या तोंडात घातलं होतं.

नंदाचं लग्न पुढं तीन वर्षांनी उदगीरला झालं. माणूस वाईट नाही. तिचं बी.एड. राहिलं ते राहिलंच.

मंगळवार, पुन्हा

मंगळवारचं मी वर सांगितलं त्यात एक जागा बुजवून घेतली आहे. ती उकरते.

आप्पा दुकानात गेल्यावर मुनाफभाई डबे झाकत नव्हते. ते भिंतीशी उभे राहून अंगठ्याच्या नखानं ‘जा’ खरवडत होते. मला जवळ बोलावून त्यांनी नख दाखवलं.

“ताई, ह्यो तेलाचा रंग. ह्याच्यावर पाण्याचा रंग धरत नसतोय. आज छान दिसंल, ऊन लागलं की तडकंल. आणि लाल तर लई वाईट. लाल वर येतोय. चार हात मारा, वर येतोय.”

मग काय करायचं, मी विचारलं.

त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, अक्षरं नीट खरवडायची आणि तेवढ्यावर चांदीच्या रंगाचा एक हात द्यायचा. तो वाळला की खालचं काही वर येत नाही, मग मोतिया लावा नाहीतर आकाशी. एक दिवस जास्त लागेल, पण रविवारच्या आत होईल. नाहीतर दुसरं, सरळ विटकरी लावायचा. आला वर तर त्यातच मिसळेल, चार दिवस तरी कुणाला कळणार नाही. आप्पांना विचारून सांगा, म्हणाले.

मी म्हटलं, विचारते.

विचारलं नाही. दुपारी आप्पा जेवायला आले, मी त्यांना ताक वाढलं, मोतिया ठरला म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, झाकेल ना? मी हो म्हटलं. संध्याकाळी मुनाफभाईंना म्हटलं, आप्पा चांदीचा हात नको म्हणतात, वेळ नाही. मोतियाच लावा. ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “मालकाची मर्जी.”

मी काय ठरवलं होतं, हे मला आज नीट सांगता येत नाही. नंदाचं मोडावं असं मनात नव्हतं. हे मी शंभरदा तपासून बघितलं आहे. मला वाटलं होतं, भिंतीवर दिसेल, कुणीतरी विचारेल, हा कोण. आणि मग कुणालातरी सांगावं लागेल. तेवढंच दिसत होतं. त्याच्या पुढं रविवार आहे, अंगणात नंदा उभी आहे, हे दिसत नव्हतं. की दिसत होतं.

सोमवार

मुनाफभाई अकराला आले. सायकल भिंतीला न लावता रस्त्यातच उभी केली. आप्पा दुकानात गेले नव्हते. वाकळा काढून टाकल्या होत्या, भिंत उघडी होती, पापुद्रे निघून अक्षरं लाल झाली होती.

आप्पा मोठ्यानं बोलणाऱ्यातले नव्हते. त्या दिवशी बोलले. वीस वर्षं घरात येतोस, म्हणाले, दिवाळीला तुझ्या घरी फराळ जातो, ईदला तुझ्याकडून शीरखुर्मा येतो, आणि तुला एवढं सांगता आलं नाही? माझ्या पोरीचं मोडलं.

मुनाफभाईंनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, “आप्पा, मी सांगितलं होतं. ताईंना सांगितलं होतं. चांदीचा हात द्या नाहीतर विटकरी घ्या. तुम्हीच नको म्हणालात.”

“मी?”

“ताई म्हणाल्या.”

आप्पा माझ्याकडं वळले. रविवारपासून ते पहिल्यांदाच माझ्याकडं बघत होते. डोळे लाल होते, रात्रभर झोपले नसावेत. मला आठवतं, त्यांच्या नजरेत संशय नव्हता. त्यांना फक्त माझ्याकडून एक शब्द हवा होता आणि तो कोणता हे त्यांनी आधीच धरलं होतं.

“यानं तुला सांगितलं होतं का गं?”

मी म्हटलं, “नाही.”

मुनाफभाईंनी खाली वाकून आपली बादली उचलली, तिच्यात ब्रश टाकले. शिडी खांद्यावर घेतली. ती घेताना टोक कठड्याला लागेल म्हणून, नेहमीच्या सवयीनं, त्यांनी मान वळवून बघितलं. मग सायकल हातानं ढकलत गेले.

आप्पा मागून म्हणाले, माझी पोरगी खोटं बोलणार नाही.

त्यानंतर मुनाफभाईंना आमच्याकडून निरोप गेला नाही. पेठेत आप्पांच्या शब्दाला वजन होतं. त्या वर्षी आणखी चार घरांनी त्यांना काम दिलं नाही. हे मला शाळेत त्यांच्या पुतणीकडून कळलं. ती माझ्या वर्गात होती. तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही, चाचा आता सोलापूरला जातात कामाला, एवढंच म्हणाली.

दुपारी मी परसात भांडी घासत होते. नंदा येऊन शेजारच्या दगडावर बसली. तिनं राख घेतली आणि एक तांब्या घासायला सुरुवात केली. बराच वेळ घासत राहिली.

“मी खिडकीत होते,” ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही, कुठल्या खिडकीत.

“मंगळवारी. मुनाफभाई नख दाखवत होते तेव्हा.”

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हटलं, मग तू का नाही सांगितलंस आप्पांना? तुझंच होतं ना सगळं.

तिनं खांदे उडवले. म्हणाली, तुला एकदा तरी कुणी त्यांच्याबद्दल विचारावं, असं मलाही वाटायचं. म्हणून मंगळवारी गप्प बसले. वाटलं, बुधवारी सांगशील. गुरुवारी पहिला हात चालू असताना मी मुद्दाम तुझ्यामागं फिरत होते. शुक्रवारी वाटलं, आता राहिलं तर राहिलं, कदाचित नाहीच येणार वर. मुनाफभाईही माणूसच आहेत, चुकले असतील.

मी म्हटलं, “काल तू का बोललीस मग?”

“आप्पा ‘दोघांचं’ म्हणाले ना.”

तिनं तांब्या पाण्यातून काढला, उपडा घातला. तिच्या आवाजात राग असता तर मला तो घेता आला असता.

“काल जे गेलं त्याचं मला एवढं नाही वाटत अक्का,” ती म्हणाली. “सकाळी तू हो म्हणाली असतीस तर बरं झालं असतं.”

ती उठून आत गेली.

संध्याकाळी आप्पा स्वतःच भिंतीला लागले. दुकानातली पोती उसवायची जुनी सुरी त्यांनी आणली होती. धोतर खोचून, उघड्या अंगानं, ते अक्षरं खरवडत होते. रस्त्यानं जाणारे थांबत नव्हते. मी बाहेर आले तेव्हा तिथी आणि स्थळ गेलं होतं, ‘शुभविवाह’ अर्धा झाला होता. खाली लाल भुसा पडला होता. त्यांच्या छातीवरच्या पांढऱ्या केसांतही तो होता.

मी जवळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, “आप्पा, मुनाफभाईंनी मला सांगितलं होतं.”

सुरी थांबली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. चांदीच्या हाताचं सांगितलं, तुमचं नाव पुढं करून मीच नको म्हटलं ते सांगितलं. सकाळी खोटं बोलले ते सांगितलं.

ते भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, “का?”

“सात महिने कुणी विश्वनाथचं नाव घेतलं नाही घरात.”

आप्पांनी सुरी जोत्यावर ठेवली. दोन्ही हात भिंतीला टेकले आणि मान खाली घातली. त्यांची पाठ हलत होती की ते नुसते दमले होते, मला सांगता येत नाही. मी पुढं होऊन हात लावायला हवा होता. लावला नाही. रस्त्यानं गुरं परतत होती, ती जाईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

मग ते सरळ झाले. अंगावरचा भुसा झटकला. मी म्हटलं, उद्या मुनाफभाईंकडं जाऊ या. मीही येते.

आप्पा हळू आवाजात म्हणाले, “त्याला बोलावलं तर का बोलावलं हे घरात सांगावं लागेल. नंदाला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिचा जीव आहे तुझ्यावर.”

ते माझ्याकडं बघत होते. सकाळसारखेच, एका शब्दासाठी.

नंदाला ठाऊक आहे, हे तीन शब्द. माझ्या तोंडात आले होते.

मी म्हटलं, “बरं.”

त्यांनी मान हलवली, सुरी उचलली आणि उरलेलं खरवडायला घेतलं. आतून नंदानं आम्हाला जेवायला हाक मारली. आप्पा ‘आलो’ म्हणाले. आम्ही दोघांनी हौदावर हात धुतले आणि आत गेलो. नंदानं चार ताटं मांडली होती. ती वाढत होती, आप्पा तिला आणखी भाकरी घे म्हणत होते, आणि आम्ही सगळे जेवलो.